आठ कडवी आणि एक नळी

३ मार्च, मंगळवार

पोलिसांनी गाडी ठेवून घेतली आणि मला घरी पाठवलं. उलट झालं असतं तर बरं होतं. गाडीला निदान कोणी काही विचारलं नसतं.

उरलेलं उद्या.

४ मार्च, बुधवार

झोप लागली नाही. तोंडाला अजून त्या प्लास्टिकच्या नळीची चव आहे. लिहून टाकतो — लिहिलं की गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी वाटते.

काल दुपारी घड्याळजीकडे जेवण होतं. शाळेपासूनचा मित्र. डोळे साथ देईनात म्हणून त्याने घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, त्याचा हा निरोपसमारंभ. आम्ही तिघंच — तो, मी आणि माझ्या वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य. जेवणाबरोबर घड्याळजीची घरची द्राक्षाची वाईन. पहिला पेला दुकानासाठी, दुसरा घड्याळांसाठी. तिसरा कशासाठी होता ते आठवत नाही, पण कारण उदात्त होतं एवढं नक्की. दंतवैद्य पहिल्यावरच उठले — त्यांचा दवाखाना होता. आम्ही दोघं मग पाचवीच्या वर्गात जाऊन बसलो. खिडकीजवळचा बाक, फळ्याचा ओला वास, आणि बाई डोळे मिटून नावाड्याची कविता म्हणताहेत... साठ वर्षं झाली. अजून ती कविता सुरू झाली की माझ्या अंगावर अर्धी चड्डी येते.

दर मंगळवारी छोटीला — माझ्या नातीला — पोहण्याच्या तलावावरून आणायचं काम माझं. मुलगी आणि जावई दोघंही तेव्हा ऑफिसात. निघण्याआधी मी माझी जुनी कसोटी लावली. घरी हिला, म्हणजे बायकोला, फोन करून नावाड्याची कविता म्हणून दाखवली. आठच्या आठ कडवी, कुठेही न अडखळता. जीभ शाबूत तर माणूस शाबूत, हे माझं शास्त्र. ही म्हणाली, ''टॅक्सीने या.'' मी म्हणालो, ''अगं, गाडीला रस्ता पाठ आहे.'' ही ''हं'' म्हणाली आणि फोन ठेवून दिला. रसिकता हिच्यात पहिल्यापासून बेताचीच.

तलावासमोरच्या वळणावर दोन पोलीस उभे. पुढच्या तीन गाड्या सोडल्या. माझी अडवली.

''आजोबा, जरा फुंका यात.''

''कोणत्या पट्टीत?'' मी विचारलं. हो, विचारलं! मला वाटलं तो हसेल.

आकडा आला तो कायद्यात बसतो त्याच्या दुपटीहून जास्त. शाळेत मला कुठल्याच विषयात पैकीच्या पैकी नव्हते मिळाले, इथे दुप्पट. त्यात गाडीतून उतरताना माझा तोल गेला आणि मी हवालदाराच्याच खांद्याला धरलं. तो मात्र भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, ''आजोबा, संध्याकाळची रक्तदाबाची गोळी असेल ना खिशात? ती घ्या आधी.'' मला भरून आलं. लोक उगाच पोलिसांना नावं ठेवतात. माणसाकडे एक नजर टाकून त्याची गोळी ओळखणारं खातं आहे हे!

मग मान वर केली तर तलावाच्या फाटकाशी छोटी. ओले केस, काखेत तरंगण्याची फळी. ती माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात ही टॅक्सीतून उतरली, तिचा हात धरला आणि तिला घेऊन गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढे इस्पितळात रक्त दिलं, चौकीत सह्या केल्या. लायसन्स त्यांच्याकडे राहिलं. नावाड्याची होडी बंदराला लागली म्हणायची.

५ मार्च, गुरुवार

मुलगी येऊन गेली. उभ्याउभ्याच बोलली.

''बाबा, ती आता तुमच्या गाडीत बसणार नाही.''

''लायसन्स परत मिळेपर्यंत ना?''

''मिळाल्यावरसुद्धा.''

मी सांगायला गेलो की मी पूर्ण शुद्धीत होतो, आईला विचार, अख्खी कविता म्हटली. मुलीने आईकडे पाहिलं. ही भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

जाताना मुलगी म्हणाली, ''छोटी विचारत होती, आजोबा फुगा फुगवत होते का? मी खरं ते सांगितलं.''

मंगळवारचा तो एवढासा रस्ता. छोटी मागच्या सीटवर, आणि दोघं मिळून नावाडी. सहावं कडवं तिचं. पैलतीरावर एक पोर कंदील घेऊन उभं असतं आणि नावाड्याला हाक मारतं — ती हाक छोटी अशी घालते की बाजूचे गाडीवाले काच खाली करून बघतात. माझ्या आठवड्यात तेवढाच एक दिवस होता. बाकीचे सहा नुसते कॅलेंडरवर.

७ मार्च, शनिवार

पाणीवाल्यानेही विचारलं, ''काका, गाडी दिसत नाही?'' सर्व्हिसिंगला दिली म्हणालो. दीड तास त्या खोटेपणावर मनातल्या मनात यमकं जुळवत बसलो.

११ मार्च, बुधवार

वकील आला होता. जावयाचा मित्र. चेहरा असा कोवळा की त्याला दूध द्यावंसं वाटतं. पण डोकं तल्लख.

त्याने समजावलं ते असं : लायसन्स काही महिने जाणार. दंड होणार. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या वर्गाला बसावं लागेल. पुन्हा सापडलो तर तुरुंग. आणि त्या दिवशी वळणावर कुणाला धक्का लागला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते आणि मी याच खेपेला आत गेलो असतो. ''वय बघून कायदा बदलत नाही, काका.''

मग त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक आनंदाची, एक विषारी.

आनंदाची अशी की पोलिसांनी कागदावर माझ्या गाडीचा नंबर चुकवलाय. दोन आकडे उलटसुलट. ''कोर्टात ते वाचून दाखवतील. तुम्ही गप्प बसायचं. पुढचं मी बघतो. केस टिकणार नाही.''

विषारी अशी की ती काही नेहमीची नाकाबंदी नव्हती. ''फोन आला होता, काका. गाडीचा रंग, रस्ता, सगळं सांगून. कुणाचा ते पोलीस सांगत नाहीत.''

म्हणजे चुगली! मी प्यायलो हे दोघांनाच माहीत. घड्याळजी आणि दंतवैद्य.

संध्याकाळी हिला म्हणालो, ''तो सापडू दे एकदा.''

ही इस्त्री करत होती. ''सापडला तर काय कराल?''

''जन्मात तोंड पाहणार नाही त्याचं.''

''बरं,'' म्हणाली आणि शर्ट उलटा केला.

१५ मार्च, रविवार

रात्रभर पुरावे जुळवले. घड्याळजीच असणार. त्या दुपारी चौथ्या कडव्यातल्या एका शब्दावरून आमचं वाजलं होतं. तो म्हणतो 'संथ', मी म्हणतो 'शांत'. असल्या गोष्टींवरून माणसं आयुष्यभर डूख धरतात. मी धरतो, म्हणून मला माहीत.

फोन लावला. शब्द आधी कागदावर लिहून घेतले होते, धारदार. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ''मी? अरे, मी कशाला फोन करेन? मी तर तुला गाडीपर्यंत सोडायला आलो. किल्ली तुझ्या हातून पडली ती मीच उचलून दिली.'' आणि थोडं थांबून, ''त्याचंच वाईट वाटतंय रे.''

मी फोन ठेवला. किल्ली पडली होती? मला काही आठवत नाही. उगाच काहीतरी बोलतो.

१८ मार्च, बुधवार

उरले दंतवैद्य. दाढ दुखतच होती, म्हणून एका दगडात दोन पक्षी मारू म्हटलं आणि दवाखान्यात गेलो. खुर्चीत बसून आधी प्रश्न विचारायचा असा बेत. त्यांनी आधी सुई टोचली आणि तोंडात कापूस भरला.

''हुँही होन हेला?'' मी विचारलं.

''काय?''

''होलिहांना! हुँही होन हेला?''

त्यांनी कापूस काढला. मी नीट विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले, हातात ते टोकदार हत्यार. मदतनीस मुलगी तोंड फिरवून हसत होती.

''काका, मी त्या वेळी एका बाईंची अक्कलदाढ काढत होतो. आणि फोन करायचा असता तर तुम्हालाच केला असता — माझ्या जागेत गाडी लावू नका म्हणून.'' मग कापूस परत भरत म्हणाले, ''तुमची अक्कलदाढ काढायला नको. आलेलीच नाही.''

अर्धा गाल बधिर घेऊन घरी आलो. ही म्हणाली, ''काय झालं?'' सांगितलं. ही स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. हसत होती की काय, कळलं नाही.

३० मार्च, सोमवार

कोर्ट.

निळा सदरा, इस्त्रीचा. माझ्या आधी एक भाजीवाला होता, त्याच्या आधी एक डॉक्टर. सगळे एकाच बाकावर, सगळ्यांच्या माना सारख्याच खाली. शाळेत गृहपाठ न केलेल्यांची रांग अशीच असायची.

न्यायाधीश बाई चष्म्यातून बघत होत्या. कारकुनाने माझा कागद वाचायला घेतला. नाव, वय, तारीख, रस्ता. वकील शेजारी उभा, ओठ घट्ट मिटलेले. मला त्याने आधी तीनदा बजावलं होतं.

मग कारकुनाने गाडीचा नंबर वाचला.

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचणार, दुसरा छापलेल्यावर पेन्सिल धरून बसणार, आणि चूक आली की वाचणाऱ्याला जागच्या जागी थांबवायचं. त्यात विचार नसतो. ठेच लागल्यावर पाय वर जातो तसं.

''सहा-नऊ नाही,'' माझं तोंड म्हणालं. ''नऊ-सहा.''

वकिलाने डोळे मिटले.

बाईंनी विचारलं, ''तुमच्या गाडीचा नंबर नऊ-सहा आहे?''

''हो. आणि वरच्या ओळीत रस्त्याच्या नावाला दोनदा 'मार्ग' लागलंय.''

वकिलाच्या घशातून एक आवाज आला. बाईंनी पेन घेऊन दोन्ही दुरुस्त्या केल्या. नंतर बाकीचं भराभर झालं. लायसन्स तीन महिने रद्द, दंड, आणि चार रविवार वर्ग. ''पुन्हा इथे दिसू नका, आजोबा,'' बाई म्हणाल्या. ''तुमच्यासारख्याला तुरुंगात टाकलं तर तिथल्या पाट्यासुद्धा तुम्ही दुरुस्त कराल.''

बाहेर वकील पायरीवर बसला. ''काका, एवढंच करायचं होतं. काही न करणं.''

आणि ही! आज प्रथमच, ३ मार्चपासून प्रथमच, हिने माझा हात धरला. रस्ता ओलांडेपर्यंत.

३१ मार्च, मंगळवार

छोटीला जावयाने आणलं. मी खिडकीत उभा होतो. नुसताच.

५ एप्रिल, रविवार

कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो : मला वर्ग फार आवडला.

खरा वर्ग. बाक, फळा, हजेरी. मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो. नवी वही, टोक केलेल्या दोन पेन्सिली. बाकीचे शिक्षा भोगायला आले होते — एक ट्रकवाला, एक नवरदेव ज्याला स्वतःच्याच लग्नाहून परतताना धरलं, एक जिममधला पहिलवान. मी हजेरीला ''उपस्थित'' म्हणालो. ट्रकवाल्याने मागून ''हुशार बाळ'' म्हटलं.

शिकवायला निवृत्त वाहतूक निरीक्षक. आवाज घंटेसारखा. गाडी थांबायला किती अंतर लागतं ते फळ्यावर काढलं. मी मोजपट्टीने वहीत उतरवून घेतलं, खाली दुहेरी रेघ.

१२ एप्रिल, रविवार

आज एक गंमत झाली. गंमत कसली.

मास्तरांनी विचारलं, ''पकडले गेलात तेव्हा आपल्याला चढलेली नाही असं कुणाकुणाला वाटत होतं?'' सगळे हात वर. माझा सर्वांत वर.

''का वाटत होतं?'' त्यांनी मला विचारलं. मी उभा राहून सांगितलं — माझी कसोटी, कविता, आठ कडवी, एकही चूक नाही. माझा धंदाच चुका पकडण्याचा.

''ऐकत कोण होतं?''

''बायको. फोनवर.''

''मग त्या काय म्हणाल्या? सगळं बरोबर म्हणाल्या?''

''हं म्हणाली.''

वर्ग खदखदून हसला. नवरदेव म्हणाला, ''माझ्या लग्नाला दोनच महिने झालेत आजोबा, पण मलासुद्धा 'हं' कळतो.''

मास्तर हसले नाहीत. ''पेपर तुम्हीच काढला,'' ते म्हणाले, ''सोडवला तुम्हीच, तपासलाही तुम्हीच. दारूत पहिली जाते ती जीभ नव्हे. तपासणारा जातो.''

वहीत उतरवून घेतलं. दुहेरी रेघ मारली नाही.

घरी येताना ती किल्ली डोक्यात. घड्याळजी म्हणाला होता, पडली.

१३ एप्रिल, सोमवार

घड्याळजीकडे गेलो. काय बोलायचं ते या खेपेस कागदावर लिहून नेलं नाही. त्याने चहा केला. मी म्हणालो, ''माझं चुकलं.'' तो म्हणाला, ''चौथ्या कडव्यात ना? 'संथ'च आहे.'' मी म्हणालो, ''असेल.'' आयुष्यात प्रथमच.

मग चुगली केली कुणी?

२६ एप्रिल, रविवार

वर्ग संपला. लेखी परीक्षेत पहिला आलो. ट्रकवाल्याला माझं उत्तर दिसावं म्हणून हात थोडा सरकवला, तर मास्तर म्हणाले, ''आजोबा, आता यासाठी वेगळा वर्ग नाहीये.''

प्रमाणपत्र हिला दाखवलं. हिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. ''छान,'' म्हणाली. माझ्या कवितांना कधी नाही म्हणाली.

९ जून, मंगळवार

मुलीने एक सवलत दिली. छोटीला आम्ही दोघं मिळून आणायचं, चालत. मी एकटा नाही. ही मध्ये, छोटी पलीकडे. मी नावाडी सुरू केला. छोटी म्हणाली, ''आजोबा, रस्त्यावर नको ना.'' गाडीतच म्हणायची असते ती कविता, तिचं म्हणणं. गाडीत घुमते.

मुलीला फोनवर विचारलं — लायसन्स आल्यावर काय?

''आईला विचारा. आई बस म्हणाली तर बसेल.''

हिला विचारलं. ''बघू,'' म्हणाली.

माझा निकाल न्यायाधीश बाई बोलून मोकळ्या झाल्या. खरं कोर्ट घरात आहे आणि ते तारखांवर तारखा देतंय.

१ जुलै, बुधवार

लायसन्स मिळालं! फोटोत मी पंधरा वर्षांनी तरुण आणि शुद्धीत आहे.

चौकीत तोच भला हवालदार भेटला. ओळख ठेवली त्याने. ''काय आजोबा, संध्याकाळची गोळी घेता ना वेळेवर?'' मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणालो, त्या दिवशी तुम्ही आठवण केलीत, स्वतःचा मुलगा करणार नाही अशी. तो जरा अवघडला. ''माझं कसलं, आजोबा,'' म्हणाला, ''मला सांगितलं तसं मी विचारलं.'' कामात होता, गेला. विनयी माणूस. वरिष्ठांनी शिकवलं असेल. त्यांच्या साहेबांना कौतुकाचं पत्र लिहायचं ठरवलंय, मसुदा डोक्यात तयार आहे.

गाडी जावयाने एप्रिलमध्येच सोडवून आणून खाली लावलीय; येता येता तिची काच पुसली. किल्ली खिशात. वाटेत दोनदा चाचपून पाहिली.

हिला म्हणालो, ''चुगलखोर काही सापडला नाही बघ.''

''पत्र लिहा तुम्ही,'' ही म्हणाली.

२ जुलै, गुरुवार

पत्राच्या दुसऱ्या ओळीवर अडलो. ''मला सांगितलं तसं.'' कुणी सांगितलं? संध्याकाळची गोळी, रक्तदाबाची, खिशात — जगात हे एकाच माणसाला ठाऊक आहे. आणि ती टॅक्सी. पोलिसांनी धरल्यावर मी कुणालाच फोन केला नव्हता, तर ही टॅक्सी घेऊन आली कशी?

उठून स्वयंपाकघरात गेलो. दारातच उभा राहिलो. ही माझ्याकडे न बघता म्हणाली, ''फोनवर सातच म्हटलीत. सहावं गाळलंत. पोराचं.''

मी खिशातून किल्ली काढून ओट्यावर ठेवली. हिने हात पुसले, स्टूल ओढलं, समोर बसली.

''म्हणा आता,'' म्हणाली. ''पहिल्यापासून.''